तुफान, कलेक्टर आणि सिस्टरबाई

भाड्याची खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्या पुढे आल्या, अंगठ्यानं माझ्या डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली, आत बघितलं आणि म्हणाल्या, “हिमोग्लोबिन किती?”

मला ते माहीत नव्हतं. मी नुकतीच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले होते. कुठल्या द्रावणात कशाचं प्रमाण किती, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. स्वतःच्या रक्ताबद्दल मात्र कोणी कधी विचारलंच नव्हतं.

“नवाच्या वर नसणार,” त्याच बोलल्या. “खोली माडीवर आहे. आधी गोळ्या सुरू कर, मग सामान आण.”

अशी मी सिस्टरबाईंची भाडेकरू झाले. कर्जतला नदीपलीकडे त्यांचं लहानसं घर होतं. सगळी आळी त्यांना सिस्टरबाईच म्हणायची. आरोग्य सेविका म्हणून त्यांनी उभी नोकरी कशेळ्याच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर पायी फिरून केली होती. निवृत्त झाल्या तरी नोकरी अंगातून निघाली नव्हती. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला आधी खुर्चीवर बसवून त्याचा रक्तदाब बघायच्या. मीटरवाल्याला जीभ दाखवल्याशिवाय मीटर बघायला मिळत नसे. दूधवाल्याला तर त्या अगदी गंभीरपणे विचारायच्या, “पाणी उकळून घालतोस ना रे?” आणि तोही बिचारा मान डोलवायचा.

लग्नाबद्दल मी एकदा धीर करून विचारलं होतं. म्हणाल्या, “राहून गेलं. प्रत्येक लशीचं एक वय असतं. ते टळलं की मग देत नाहीत.”

त्यांच्याकडे भाच्यानं दिलेला स्मार्टफोन होता. पूर्वी सुया उकळायला वापरायच्या त्या स्टीलच्या डब्यात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला तो असे. फोन काढण्याआधी त्या साबणानं हात धुवायच्या आणि ठेवल्यावर पुन्हा धुवायच्या.

“आधी कशाला धुता?” मी विचारलं.

“त्यांना माझं काही लागू नये म्हणून.”

“आणि नंतर?”

“मला त्यांचं लागू नये म्हणून.”

‘त्यांचं’ म्हणजे चाहत्यांचं. सिस्टरबाईंचा हा एकमेव शौक होता. नातेवाइकांच्या ग्रुपात त्यांचं मन रमलं नाही. “सकाळी फुलं, रात्री फुलं, कोणी गेलं तर पुन्हा फुलं. पेशंटच दिसत नाही कुठे.” मग फिरत फिरत त्या एका टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपात शिरल्या. मालिका त्यांनी एक दिवसही बघितली नव्हती, पुढेही बघितली नाही. पण नायिकेचे चाहते आणि तिच्या सवतीचे चाहते रोज काय काय म्हणून एकमेकांना भिडतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. “सासूचाही एक फॅन क्लब निघालाय,” त्यांनी एका संध्याकाळी जाहीर केलं. “अकरा सभासद. माझ्या मते अकराही जणी सासवा असणार.”

त्यानंतर त्यांना रेल्वे इंजिनांचे चाहते सापडले. आमच्या कर्जतला घाट चढायला गाडीला मागून इंजिनं लावतात. त्या इंजिनांवर जीव टाकणारी माणसं जगात आहेत, हे मला, इथेच शिकलेल्या मुलीला, ठाऊक नव्हतं. एका इंजिनाचा रंग बदलला म्हणून त्यांच्यात दुखवटा पाळला गेला. सिस्टरबाई त्या दुखवट्याचं वाचन करताना एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, “एकानं लिहिलंय, आज घशाखाली घास उतरत नाही. बिचारा. आणि त्याच्याच खात्यावर दुपारी अडीचचा मिसळीचा फोटो आहे. जादा तर्रीसह.”

मी सहा वाजता कंपनीच्या बसमधून उतरायची. हातपाय धुऊन खाली येईपर्यंत त्यांचा चहा झालेला असे. शेजारच्या शिलाईवाल्या काकू मशीन थांबवून यायच्या. मग ओट्यावर ओपीडी सुरू व्हायची. सिस्टरबाई कॉमेंट नुसती वाचत नसत, केसपेपर वाचावा तशी वाचत:

“पुरुष, वय अंदाजे चोवीस. तक्रार: जगाला आपला माणूस कळलेला नाही. कधीपासून? रविवारपासून. सोबत लक्षणं: शुद्धलेखन गेलेलं, शेवटी आगीच्या गोळ्यांची नऊ चित्रं. ताप उतरलेला दिसत नाही. उपाय: पाणी भरपूर, चोवीस तास फोन उशापासून लांब.”

शिलाईवाल्या काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. मला सुरुवातीला हसू येत नसे. आमच्या घरी मोठ्यानं वाचायचं ते परीक्षेसाठी. वाचलेलं लक्षात ठेवायचं असतं, त्यावर हसायचं नसतं, अशी माझी समजूत होती. एकदा तर मी विचारलं, “पण सिस्टरबाई, याचा उपयोग काय?”

त्यांनी पुन्हा माझी पापणी ओढून बघितली आणि काकूंना म्हणाल्या, “हिच्या गोळ्यांचा डोस वाढवायला पाहिजे.”

महिन्याभरात मी हसायला लागले. बसमध्ये एकटी बसलेली असतानाही आठवून हसायचे. शिक्षणानं मला नोकरी दिली, त्याचे उपकार आहेतच. पण दिवसभराचं काम संपवून, काही मिळवायचं नसताना, तीन बायकांनी नुसतं हसत बसावं, हे मला कुठल्या वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. ते त्या ओट्यावर शिकले.

सिस्टरबाईंच्या मते चाहतेपणाच्या या तापाच्या तीन पायऱ्या होत्या. पहिलीत माणूस स्वतःचा फोटो काढून त्या जागी दुसऱ्याचा लावतो. दुसरीत स्वतःच्या आडनावाच्या जागी त्याचं नाव लावतो. “आणि तिसरीत त्याला दुसऱ्याच्या दारातल्या बैलानं किती वैरण खाल्ली ते कळतं, घरच्या गाईची धार काढली का ते कळत नाही.”

पण त्यांचा एक कडक नियम होता. स्वतः कधी एक अक्षर लिहायचं नाही. “राउंड घेणाऱ्यानं खाटेवर आडवं व्हायचं नसतं.” आणि कोणा चाहत्याला मूर्ख म्हणायचं नाही. काकू एकदा म्हणाल्या, “किती रिकामटेकडी ती मानसं!” तर सिस्टरबाईंनी लगेच फोन खाली ठेवला. मग त्यांनी एका वाडीवरच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. हा म्हातारा घरातल्या पोरांना सुई लावू देत नव्हता. सिस्टरबाई आल्या की पोरं रानात पळवायचा. चार खेपा फुकट गेल्या. पाचव्या खेपेला दारात त्याचा कोंबडा उभा होता, लाल, तुऱ्याचा, मोठा ऐटबाज. सिस्टरबाईंनी बॅग खाली ठेवली आणि नुसतं म्हटलं, “काय देखणा आहे हो!” म्हातारा खाली बसला. कोंबडा कुठून आणला, कोणाकोणाशी लढला, पहाटे कितीदा आरवतो, सगळं ऐकून घ्यावं लागलं. ऐकता ऐकता त्या खरंच रंगून गेल्या. निघताना म्हातारा रानाकडे तोंड करून ओरडला आणि सगळी पोरं येऊन रांगेत उभी राहिली.

“माणसाचं प्रेम कशावर आहे ते आधी विचारायचं,” त्या म्हणाल्या, “दंड तो आपणहून पुढे करतो. मी हसते ती त्या कोंबड्याच्या मालकाला हसते. त्याच्याशिवाय माझी नोकरी झाली नसती.”

आता बैलांबद्दल सांगायला हवं. आमच्या कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत भात निघालं की मोकळ्या शेतांत बैलगाड्यांच्या शर्यती लागतात. दोन छकड्या, सरळ धाव, झेंडा पडला की सुटायचं. हे पूर्वीचंच. नवीन एवढंच, की आता प्रत्येक नावाजलेल्या बैलाला त्याचे चाहते आहेत, चाहत्यांचा ग्रुप आहे, ग्रुपाला अ‍ॅडमिन आहे आणि बैलाच्या वाढदिवसाला केक आहे. केक अर्थातच बैल खात नाही. मी होते तेव्हा दोन बैलांची चलती होती. कर्जतकडे तुफान, खालापूरकडे कलेक्टर.

सिस्टरबाईंना या ग्रुपांचा शोध लागला आणि मालिका, इंजिनं सगळं मागे पडलं. “कलेक्टर साहेबांनी आज पेंड नाकारली,” असं त्या ओट्यावरून वाचायच्या, तेव्हा रस्त्यानं जाणारा माणूस थबकायचा. त्यातही त्यांचे दोन पेशंट ठरलेले. एक स्वतःला ‘तुफानची सावली’ म्हणवायचा, दुसरा ‘कलेक्टरचा पट्टेवाला’. खरी नावं दोघांचीही कुठे नव्हती. वर्षभर त्यांचं भांडण चाललं होतं. एका शर्यतीत तुफान पहिला आला, पण झेंडा पडायच्या आधीच त्याला सोडला, असं पट्टेवाल्याचं म्हणणं होतं. हा एकच मुद्दा तो रोज नव्यानं मांडायचा.

“ऐका,” सिस्टरबाई घसा साफ करायच्या. “पट्टेवाला लिहितो: झेंडा हवेत असताना जो धावतो त्याला बैल म्हणत नाहीत, घाबरट म्हणतात. सावलीचं उत्तर: झेंडा बघायला डोळे लागतात, तुमच्या साहेबांच्या डोळ्यांपुढं तवर आमची शेपटी आली व्हती.” इथे त्या थांबून दाद द्यायच्या. “वा! पेशंट सुधारतोय. शेपटी छान आणली.”

मला तो सावली आवडायचा. कमी बोलायचा पण नेमकं. तो कोण असेल असा विचार माझ्या मनात कधी आला नाही. माझा धाकटा भाऊ कशेळे–कर्जत जीप चालवतो, शर्यतींना जातो, हे मला माहीत होतं. पण शर्यतींना आमच्याकडचे सगळेच जातात. आणि भाऊ घरी दिवसाला दहा शब्द बोलायचा. त्यातले चार ‘हा ताई’ असायचे.

याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगा खालापूर तालुक्यातला, शिळफाट्याला मोटरी दुरुस्त करायचं दुकान. आमचं दोनदाच बोलणं झालं होतं, पण मला तो मनापासून आवडला होता. हे मी घरी बोलले नव्हते, फक्त सिस्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “हिमोग्लोबिन विचार.” मी लाजत फोनवर विचारलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी तपासून आला आणि अहवालाचा फोटो पाठवला. सिस्टरबाईंनी तो नाकाशी धरून बघितला आणि म्हणाल्या, “हा सोडू नकोस.”

साखरपुडा आमच्या गावी अंगणात होता. सिस्टरबाई आदल्या दिवशीच आल्या होत्या आणि येताच त्यांनी माझ्या तिन्ही चुलत्यांची जीभ बघितली होती. मला आत साडी नेसवत होते. बाहेर जीपचे हॉर्न वाजले, “आले, आले” झालं, आणि मग एकदम सगळं शांत झालं. पाहुणे आल्यावर जी गडबड उडायला हवी ती उडालीच नाही. मी निऱ्या हातात धरून खिडकीशी गेले.

मांडवाच्या दारावर फ्लेक्स लावला होता. मी तो तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. मधोमध तुफान, गळ्यात हार, डोळे रोखलेले. त्याच्याभोवती गोल गोल चौकटींत काळा चष्मा लावलेले बारा तरुण. खाली ठळक अक्षरांत: ‘आमचे लाडके अ‍ॅडमिन यांच्या भगिनीच्या साखरपुड्यास हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: तुफान प्रेमी ग्रुप’. मी आणि माझा होणारा नवरा उजव्या कोपऱ्यात होतो, बैलाच्या खुराएवढे. भावाच्या मित्रांनी मोठ्या प्रेमानं, वर्गणी काढून, त्याला न सांगता पहाटे बांधला होता.

फ्लेक्सच्या पलीकडे पाहुण्यांच्या दोन जीपगाड्या उभ्या होत्या. पुढच्या जीपमधून मुलाचा थोरला भाऊ उतरला होता. उंच माणूस, पांढरा शर्ट, हातात ओटीचं ताट धरलेलं.

“ह्यो बैल हितं काय करतोय?” तो म्हणाला.

“आमचा हाय,” माझा भाऊ म्हणाला. “म्हंजे मालक दुसरा. पन आमचाच.”

“कलेक्टरच्या आळीतली मानसं आमी. ह्याच्या खालून आत यायची नाय.”

“बरं मग?”

“मग उतरव त्याला.”

“पोरांनी पदरच्या पैशानं लावलाय दादा. बहिनीसाठी लावलाय. उतरवायचा नाय.”

माझे वडील पुढे झाले. वडील फार बोलणारे नाहीत. “पाव्हनं, ऊन हाय. आदी पानी घ्या,” एवढंच ते म्हणाले. थोरल्यानं त्यांना हात जोडले, पण पाऊल उचललं नाही. “बाबा, तुमच्यावर राग नाय. पन ह्या बैलानं झेंडा पडायच्या आदी पळून आमची इज्जत घेतली.”

“झेंडा बघायला डोळे लागतात,” माझा भाऊ म्हणाला.

थोरला थांबला. त्यानं ताट दुसऱ्याच्या हातात दिलं. “काय म्हनलास?”

“डोळे लागतात.”

“आनि डोळ्यांपुढं शेपटी आली व्हती, असंच ना? थांब, थांब. तू... सावली?”

माझ्या भावाचा चेहरा पांढरा पडला. “तुमी... पट्टेवाला?”

पुढचं क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मला कळलं आणि माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या. वर्षभर ज्या दोघांना मी चहाबरोबर ऐकत आले होते, ते दोघे माझ्या साखरपुड्याच्या दारात एकमेकांसमोर उभे होते. थोरला मागे वळला आणि म्हणाला, “जीप फिरवा.” जीपमधून माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा आवाज आला, “दादा, अरं काय हे!” पण चालकानं चावी फिरवली होती. आमच्याकडे मुलीच्या दारातून परत गेलेल्या पाहुण्यांना पुन्हा बोलावता येत नाही. आई दाराच्या कडीला धरून उभी होती. मला बाहेर जाता येईना, कारण साडी अर्धीच नेसलेली होती.

तेवढ्यात गर्दीतून सिस्टरबाई बाहेर आल्या. इस्त्रीची पांढरी साडी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू त्यांचाच साखरपुडा होता.

“पट्टेवाला तुम्ही?” त्यांनी थोरल्याचा हातच धरला. “अगं बाई! किती दिवसांची इच्छा होती हो भेटायची! आणि हा सावली? हा? आमच्या पोरीचा भाऊ? अरे, तू तर बोलतच नाहीस!”

“तुमी कोन?” थोरला म्हणाला.

“मी वाचते तुम्हाला. रोज. ते गेल्या आठवड्यात तुम्ही लिहिलंत ना, ‘आमचा साहेब नुसता शिंकला तरी तुमचा तुफान दावं तोडून आईकडे पळतो’? मी काकूंना तीनदा वाचून दाखवलं. तीनदा! चहा सांडला.”

बायकांतून पहिलं हसू फुटलं. मग पुरुषांतून. जीपमधल्या म्हाताऱ्या पाहुण्याही हसल्या. सिस्टरबाईंना आता कोण थांबवणार! त्यांनी पट्टेवाल्याचा आवाज काढला, सावलीचा आवाज काढला, मध्ये मध्ये ‘लक्षण’, ‘उपाय’ घातले. अंगणात माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होती. फक्त दोघं हसत नव्हते.

“बाई, तुमी आमचं मोठ्यानं वाचता?” थोरल्यानं विचारलं.

“हो तर.”

“हसायला?”

“पोट धरून.”

थोरला हळूच माझ्या भावाकडे वळला. “ऐकलंस? आपन हितं रगत आटवतोय, आनि ह्या बाई चहासंगं...”

“दादा, मला आत्ता कळतंय,” भाऊ म्हणाला. “देवाशप्पत. ताई पन हसते म्हंजे!”

“आपल्या बैलांवर हसतात?”

“आपल्याच.”

“ओ बाई, थांबा! जाता कुठं?”

सिस्टरबाई मागे मागे सरकत होत्या. त्या सरकत मांडवात शिरल्या आणि त्यांच्यामागून दोघेही शिरले, बोटं नाचवत, एकमेकांचं वाक्य पुरं करत. फ्लेक्स केव्हाच मागे पडला होता. त्यांच्यामागून, आता हे थांबत नाही असं बघून, सगळे पाहुणे आत आले. ओटीचं ताट आलं. माझा होणारा नवराही आला, आणि खिडकीकडे बघून त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

आत खुर्च्यांजवळ सिस्टरबाई अडल्या. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. “बरं, हसले. पण एक सांगते. तुमचा कलेक्टर दोन दिवस चारा खात नव्हता तेव्हा तुम्ही काय लिहिलं होतंत? फक्त एवढंच, की साहेब उठत नाहीत. त्याखाली शेकड्यांनी हात जोडलेली चित्रं आली. मी सगळी वाचली. औषध एकानंच सांगितलं होतं. ओवा आणि काळं मीठ कोमट पाण्यातून, पोट चोळा, आणि सकाळी डॉक्टर बोलवा. ‘मग भांडू.’ तेव्हा मी कोणाला वाचून दाखवलं नाही. मला आवाजच काढता आला नाही.”

थोरल्यानं नाचवलेलं बोट खाली घेतलं. मग माझ्या भावाला म्हणाला, “ते तू सांगितलंवतंस. नाव वाचलं व्हतं मी. मुद्दामच उत्तर दिलं नाय.”

“मला वाटलं, मेला म्हनून गप हायत,” भाऊ म्हणाला. “दोन दिस जीप धड चालवली नाय मी.”

“सकाळी उभा राह्यला त्यो,” थोरला म्हणाला आणि खाली बसला. “जेवायला काय हाय?”

साखरपुडा झाला. जेवणं झाली. सिस्टरबाईंशी मात्र त्या दोघांतलं कोणी बोललं नाही. पंगतीत दोघे शेजारी बसले आणि सिस्टरबाईंच्या बाजूची एक खुर्ची मोकळी सोडली. त्या बिचाऱ्या आपल्या मजेत जेवत होत्या. नंतर मी त्यांना विचारलं, “हे तुम्ही सगळं ठरवून केलंत ना?” म्हणाल्या, “ठरवून कसलं गं? मी पळत होते. तुझ्या दिराच्या हाताची मूठ बघितली होतीस का?” खरं काय ते मला आजही ठाऊक नाही.

पण त्याची किंमत त्यांना द्यावी लागली. त्याच संध्याकाळी दोन्ही ग्रुपांतून त्यांना काढून टाकण्यात आलं. दोन्ही अ‍ॅडमिननी, म्हणजे याच दोघांनी, बहुधा एकमेकांना विचारून. लग्नापर्यंत मी त्यांच्याकडेच होते. त्यांनी पुन्हा मालिका धरली, इंजिनं धरली, पण ओपीडीत राम उरला नव्हता. शिलाईवाल्या काकू उगाच मशीन चालवत बसायच्या. “फार किरकोळ केसेस आहेत,” सिस्टरबाई म्हणायच्या आणि लवकर फोन ठेवायच्या. माझं लग्न मार्गी लागलं याचा त्यांना आनंद होता, एका शब्दानं त्यांनी तक्रार केली नाही. मलाच संध्याकाळी ओट्यावर बसवेना.

लग्नानंतर मी खालापूरला आले. एक दिवस मागच्या दारी भांडी घासत होते, तर थोरले दीर नळाशी उगाच रेंगाळले. इकडे तिकडे बघून म्हणाले, “त्या बाई... जास्त कोनाचं वाचायच्या? माझं का त्याचं?”

मी म्हटलं, “विचारून सांगते.”

गंमत अशी, की माहेरी गेले होते तेव्हा भावानं जीपमध्ये हाच प्रश्न विचारला होता, पुढे बघत, गिअर बदलत.

मी सिस्टरबाईंना फोन केला. त्या पलीकडून इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग आवाज एकदम नोकरीतला झाला. “दोघांना वेगवेगळं गाठ. दोघांना सांग, तुमचंच. आणि हेही सांग, की बाई म्हणतात, हल्ली कोणी बघणारं नाही म्हणून लिहिण्यातला जोर गेला असणार.”

मी तसं सांगितलं. दीर “हं” म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. भाऊ “हा ताई” म्हणाला.

दोन्ही ग्रुपांत सिस्टरबाई परत केव्हा आल्या, ते मला कोणी सांगितलं नाही. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं, एवढं नक्की. मला कळलं ते असं: परवा मी चहा घेऊन बाहेर गेले, तर दीर बाजेवर बसून मोबाइलवर लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. कपाळाला आठ्या. मला बघून त्यांनी फोन पुढे केला.

“हे बघ गं जरा. ‘तुमच्या तुफानला आमच्या साहेबाचा वारा लागला तरी सर्दी होते.’ का ‘ताप येतो’ लिहू? बाईंना कुठलं आवडंल?”

मी म्हटलं, “सर्दी.”

त्यांनी क्षणभर विचार केला, मान हलवली, आणि शेवटी आगीचे नऊ गोळे लावले.